पेंटरची वरची खोली आणि लाल चिठ्ठ्या: घर आवरून देणाऱ्या सेवेचा अनुभव

आधी निकाल सांगतो. पाचपैकी चार तारे. अर्धा तारा बेलतेलाच्या (म्हणजे पॉलिशला लागणाऱ्या उकळलेल्या जवसाच्या तेलाच्या) चिंध्यांपायी कापला आणि अर्धा प्लॅस्टिकच्या डब्यांपायी. दोन्हीबद्दल खाली लिहिलंय. ज्यांच्या घरात रंगकाम, पॉलिश, सुतारकाम चालतं त्यांनी बाकी काही नाही वाचलं तरी तेवढं वाचा.

सेवा म्हणजे घर, माळा, कपाट, गोदाम काय असेल ते आवरून देणं. कोल्हापुरातल्याच दोघी जणी चालवतात, उचल-ठेव करायला बरोबर एक पोरगा असतो. नाव टाकत नाही, कारण त्यांनीच टाकू नका म्हणून सांगितलंय. दिवाळीपर्यंतचे दिवस भरलेत आणि फोन घ्यायला वेगळा माणूस नाही. दर दिवसाला 3,500 रुपये, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. डबा त्या आपला आणतात, चहा दोनदा द्यावा लागतो. खोकी, डबे, लेबलं यांचे पैसे वेगळे, आणि ते आधी विचारून घ्या. माझ्या बिलात तो आकडा बघून मंडळींनी दोनदा चष्मा पुसला.

आता खोलीबद्दल. मी पेंटर, पण भिंतीला डिस्टेंपर मारणारा नव्हे, अक्षरं काढणारा. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावं, गुऱ्हाळाचे पत्रे, मंडळांचे फलक, कुस्त्यांच्या मैदानाच्या जाहिराती. लक्ष्मीपुरीत गाळा होता. फ्लेक्स आला तसं काम निम्म्यावर आलं, मग त्याच्या निम्म्यावर, आणि शेवटी गाळा सोडला. गाळ्यातलं सगळं मंगळवार पेठेतल्या घराच्या वरच्या खोलीत येऊन पडलं. खोली सोळा बाय बारा, उत्तरेला मोठी खिडकी. चित्र काढणाऱ्याला उत्तरेची खिडकी म्हणजे लॉटरी. बहुतेक वर्ष तिच्यातून थेट ऊन आत येत नाही, त्यामुळं सकाळी लावलेला रंग दुपारीही तसाच दिसतो.

ती खिडकीच बुजली होती. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शुक्रवार पेठेत शिरलं तेव्हा मेहुण्याचं सामान रातोरात वर आणून ठेवलं. शिलाई मशीन, दोन ट्रंका, देवघर, गाद्या. पाणी ओसरलं, सामान राहिलं. 2021 च्या जुलैत पाणी त्याहून वर चढलं, त्यात आणखी भर पडली. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटाला धोक्याची खूण आहे. ती पातळी बातम्यांत आली की आमच्याकडं आपोआप कुणाचं तरी कपाट येतं. पाहुण्याला "ने बाबा तुझं" म्हणायची रीत आपल्यात नाही.

सूनबाईनं या ताईंचा पत्ता आणला. "मामा, तुम्ही रोज वर जातासा आणि अर्ध्या तासात खाली येतासा. वर बसायला जागाच नाही." तिचं खरं होतं. मुलगा मात्र उलट बाजूनं. त्यानं कुठंतरी वाचलेलं सांगितलं: 2013 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात कॅथलीन व्होज नावाच्या बाईंनी काही लोकांना आवरलेल्या खोलीत बसवलं, काहींना पसारा असलेल्या खोलीत, आणि पिंगपाँगच्या चेंडूचे नवे उपयोग सुचवायला सांगितले. पसाऱ्यातल्या लोकांची उत्तरं जास्त कल्पक निघाली. "बाबा, पसारा चांगला असतोय." मी म्हटलं, अरे, ती माणसं त्या खोलीत घटकाभर बसली आणि उठून घरी गेली. त्यांना तिथं चार फुटी पत्रा आडवा टाकायचा नव्हता.

ताई आल्या त्या हातात लाल कागदाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊनच. दोघींतली थोरली पूर्वी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला होती. तिथं जपानी पद्धतीनं शॉप फ्लोअर लावतात, फाईव्ह एस म्हणतात त्याला. आपल्याकडच्या कारखान्यांत ज्यांनी काम केलंय त्यांना हे तोंडपाठ असतं: आधी निवड, मग जागच्या जागी लावणं, मग झाडझूड, मग त्याचा नियम करणं, आणि शेवटी तो नियम मोडू न देणं. नक्की लागतंय का नाही हे ठरत नसलेल्या वस्तूला लाल चिठ्ठी लावायची, तारीख घालायची आणि ती वस्तू कामाच्या जागेपासून लांब नेऊन ठेवायची. ठरल्या मुदतीत कुणी मागितली तर परत, नाहीतर ती निकालात. आमची मुदत ठरली गणपतीपर्यंत, जागा जिन्याखाली.

ही पद्धत मला पटली, आणि तारे मुख्यतः त्याचेच आहेत. कुठंच "टाका" म्हणून जोर नाही. "यातून आनंद मिळतो का" असले प्रश्न नाहीत. विचारायच्या ते एवढंच, "काका, हे शेवटचं कधी हातात घेतलासा?" आणि मी "ठेवा की ते" म्हटलं की, "ठेवतो की. कुठं ठेवायचं तेवढं सांगा." जागा सांगता आली नाही की चिठ्ठी. दुसऱ्याच्या सामानाला मालकाचा फोनवर होकार आल्याशिवाय हात लावत नाहीत, हाही त्यांचा नियम. मेहुण्याला फोन माझ्यासमोर लावला, स्पीकरवर. इतकी वर्षं मला जे बोलता आलं नव्हतं ते तिनं दोन वाक्यांत गोड बोलून संपवलं, आणि रविवारी मेहुणा टेम्पो घेऊन हजर. एवढ्या एका कामाचे मी वेगळे पैसे दिले असते.

वादाला सुरुवात झाली ती माझ्या स्वतःच्या सामानावर. मेहुण्याचं गेलं तेव्हा मी खुशीत होतो. मग इनॅमलचे डबे निघाले, साय धरलेले. सरसाच्या वड्या, पावडर रंगाच्या पुड्या, गंजलेले पत्रे, एका पडलेल्या उमेदवाराचा आठ फुटी फलक (पडलेला उमेदवार फलक न्यायला येत नसतो आणि पैसे द्यायला तर नाहीच), आणि खोक्यांमागून खोकी कागद. लाल चिठ्ठ्या भराभर लागायला लागल्या तसा मी चिडलो. म्हटलं, ताई, खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, बघितलाय ना? आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवणारे. दोघांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचं मनावर घेतलं. 1916 ला आनंदराव गेले, काम अर्धवट राहिलं. तेव्हा कुणी आवरणारं आलं असतं आणि ते सुटे भाग भंगारात दिले असते तर? बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून 1918 साली तो कॅमेरा पुरा केला. अर्धवट म्हणून काही टाकायचं नसतं या गावात.

थोरलीनं सगळं ऐकून घेतलं. हातातलं खोकं खाली ठेवलं आणि म्हणाली, "बरोबर हाय काका. मग या सगळ्यातला कॅमेरा कुठला, तेवढं दाखवा. त्याला चिठ्ठी लावत नाही."

पोरगासुद्धा हसला. पण त्यानंतर दुपारभर मी खोक्यांपुढं बसून तेच शोधत होतो. साय धरलेल्या इनॅमलच्या डब्यात कॅमेरा नव्हता. उमेदवाराच्या फलकात तर नव्हताच. वस्तादांच्या ब्रशची पेटी होती, ती राहिली. टाचणीनं टोचलेले अक्षरांचे खाके होते. त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की भिंतीवर ठिपक्यांत अक्षर उमटतं, मग ब्रश फिरवायचा. त्यातले चांगले ठेवले. आणि एका खोक्याच्या तळाला तीन जाड वह्या मिळाल्या.

वह्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो. दुकानांच्या जुन्या पाट्या उतरायला लागल्या तेव्हा मी त्यातली अक्षरं उतरवून घेत असे. महाद्वार रोड, गुजरी, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी. फोटोवर माझा विश्वास नाही, फोटोत वळण दिसतं पण हात कुठं थांबला ते दिसत नाही. प्रत्येक पेंटरची अक्षरं वेगळी असायची. कुणी शिरोरेषा ब्रशच्या एका ओढीत मारायचा, कुणी सुतळीला खडू लावून आधी दोन रेघा पाडायचा. कुणाच्या 'ळ'ची दोन्ही पोटं सारखी, कुणाचं डावं पोट फुगीर. दुकानाच्या नावात 'क्ष' आला की त्या माणसाचा हात कळायचा. फ्लेक्सच्या पाट्यांवर सहज नजर टाका, निम्म्या ठिकाणी हिंदी वळणाचा दांडीचा 'ल' आणि गाठीचा 'श' दिसेल, कारण संगणकात तोच फॉन्ट हाताशी असतो. मराठीचा 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. 2009 च्या शासन निर्णयात तेच धरलंय. आमच्या पिढीला तो निर्णय वाचायची गरज पडली नाही, वस्ताद वहाण काढायचे.

ते काम गाळा सोडला तेव्हा थांबलं आणि मी विसरूनही गेलो. वर खोलीत जायचो तो जलरंगात रंकाळा काढायचा म्हणून, आणि चार रेघा मारून खाली यायचो. रंकाळा गावातली निम्मी माणसं काढतात आणि माझ्यापेक्षा चांगला काढतात. वह्या हातात आल्यावर रंकाळ्याचं माझं मन उडालं ते उडालंच. आवरण्याचा हा फायदा कुठल्या पत्रकावर लिहिलेला नसतो. जागा झाली हे खरं, पण मोकळ्या जागेत नवीन काहीतरी सुचतं असं निदान माझ्या बाबतीत झालं नाही. जुनंच सापडलं, आणि ते आडवं पसरायला टेबल मोकळं मिळालं.

धाकटीनं त्या दिवशी जाताना विचारलं, चित्रकार आबालाल रहमान यांनी आपली चित्रं कोटीतीर्थ तलावात बुडवली म्हणतात, ते काय? 1922 ला शाहू महाराज गेल्यावर त्यांनी तसं केलं असं सांगतात खरं. आमच्यातले काही जण ते वैराग्य म्हणून कौतुकानं सांगतात. मला ते कधी कौतुकाचं वाटलं नाही. आश्रयदाता गेल्याचं दुःख होतं ते, आणि गाव आजही त्या चित्रांना हळहळतं. पसारा काढणं वेगळं.

आता कापलेल्या ताऱ्याबद्दल.

पहिला अर्धा. खोलीच्या कोपऱ्यात बेलतेलाच्या चिंध्या होत्या, मी पॉलिशचंही काम थोडंफार करतो. धाकटीनं त्या सगळ्या गोळा करून, घट्ट दाबून, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बादलीत भरल्या आणि वर छान अक्षरात 'पुसायच्या चिंध्या' असं लेबल लावलं. दिसायला एकदम नीट. पण जवसाचं तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि त्यात उष्णता तयार होते. चिंधी पसरलेली असेल तर ती उष्णता निघून जाते. गोळा करून दाबून ठेवली तर आतल्या आत साठते, आणि काडी न लावता चिंध्या पेट घेतात. ही काही ऐकीव भीती नाही, सुतारकामाच्या जागी अशा आगी लागतात. अशी चिंधी एकतर बाहेर दोरीवर एकेरी वाळवायची, नाहीतर पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवायची. मी संध्याकाळी बघितलं म्हणून ठीक. सांगितल्यावर दोघींनी लगेच वहीत लिहून घेतलं, हे त्यांच्या बाजूनं नमूद करतो. पण पैसे घेऊन पेंटरची खोली लावायला येणाऱ्यानं हे माहीत करूनच यावं.

दुसरा अर्धा. कागद, खाके, ड्रॉइंग शीट सगळं पारदर्शक प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत. फोटोला उत्तम. पण काम आषाढातलं. आपल्याकडं त्या दिवसांत चादर वाळत नाही, कागद काय वाळणार? ओला कागद घट्ट डब्यात कोंडला की दमट हवा आतच राहते. श्रावणात झाकण काढलं तर कुबट वास आणि दोन चांगल्या शीटवर तपकिरी ठिपके. कागद पावसाळ्यात कोंडायचा नाही. लाकडी फळीवर, भिंतीपासून चार बोटं सोडून, मलमलीत सैल गुंडाळून ठेवायचा. डबेच वापरायचे असतील तर उन्हाळ्यात, कागद कोरडा असताना भरायचे आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. ते डबे आता मंडळींनी स्वयंपाकघरात नेलेत, त्यात पापड सुखात आहेत.

रंगाच्या डब्यांचं मात्र त्यांनी माझं ऐकलं. भंगारवाला पत्र्याचे रिकामे डबे घेतो, पण आत रंग असलेले देऊ नका. पूर्वीच्या पिवळ्या आणि केशरी इनॅमलमध्ये सर्रास शिशाचा क्रोम असायचा. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवायचा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्यामुळं त्याआधीचे डबे संशयितच धरायचे. असला वाळलेला रंग घासायचा नाही, जाळायचा तर अजिबात नाही, आणि नातवंडांच्या हाती लागू द्यायचा नाही. 2016 च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. घंटागाडीवाल्याला ते वेगळे बांधून, सांगून द्यायचे. ताईंनी तसेच वेगळे पोते केले, वर लिहिलं. हे काम चोख.

आणखी एक बारीक तक्रार: काम संपल्यावर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो काढायचा त्यांना भारी सोस. 'नंतर'च्या फोटोसाठी माझ्या टेबलावर कुठून तरी एक मनीप्लांट आणून ठेवला. काढून नेला तेव्हा बरं वाटलं.

सगळ्यात उपयोगी पडलं ते टूल बोर्डाचं. कारखान्यात पान्ह्यांचा बोर्ड असतो, प्रत्येक पान्ह्याची आकृती मागं रंगवलेली, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लांबूनच कळतं. थोरली म्हणाली, ब्रशांचा तसा करूया, मी स्केचपेननं आकृत्या काढतो. स्केचपेननं? माझ्या खोलीत? मी प्लायचा तुकडा घासला, प्रायमर मारला, आणि रायटर, फ्लॅट, गोल, हात टेकवायची काठी, कोळशाची पुरचुंडी, सगळ्यांच्या सावल्या काळ्या इनॅमलमध्ये काढल्या. खाली नावं. गाळा सुटल्यापासून पुरं केलेलं माझं हे पहिलं काम. वस्तादांचा सर्वांत बारीक ब्रश जागेवर नसला की त्याची रिकामी सावली मला खाली चहा पीत बसू देत नाही.

गणपतीला जिन्याखालचा ढीग बघितला. लाल चिठ्ठीतल्या दोनच वस्तू मी परत वर नेल्या: एक जुना चिमटा आणि मंडळींच्या लग्नातली ट्रंक, ती त्यांनी मागितली म्हणून. बाकी सगळं गेलं. उमेदवाराचा फलक उलटा करून मागच्या बाजूला मी 'ळ'चे नमुने मोठे करून बघतोय, त्यामुळं तो मोजत नाही.

कुणी बोलवावं? ज्यांच्या घरात दुसऱ्याचं सामान अडकलंय आणि तोंडानं मागता येत नाही त्यांनी जरूर. शिकवणीची खोली, शिलाईकाम, हस्तकला यांना उत्तम. ज्यांच्याकडं रसायनं आहेत, म्हणजे पॉलिश, फोटोग्राफी, बॅटरी, त्यांनी दिवसभर स्वतः हजर राहावं, नाहीतर बोलवू नये. पावसाळ्यात कागदाचं काम काढू नका, होळी झाल्यावर काढा. एका दिवसात होईल म्हणून सांगतात, ते धरून चालू नका. माझं काम लांबलं, आणि त्यात त्यांच्यापेक्षा माझ्या बडबडीचा वाटा मोठा होता असं सूनबाईचं मत आहे.

सहा महिन्यांनी एक फेरी फुकट आहे, नियम मोडला का ते बघायला. पौषात येतील. तोवर तिसरी वही शाहूपुरीपर्यंत आणायची आहे, तिथल्या दोन पाट्या या हिवाळ्यात उतरणार असं कळलंय. कुणाच्या दुकानावर हाताने काढलेली जुनी पाटी अजून असेल तर उतरवण्याआधी एक निरोप द्या, शिडी माझी मी आणतो.